१४ दिवस आणि ३० दिवस: ब्रिटनमध्ये ब्रॉडबँडच्या करारातून बाहेर पडण्याचे दोन वेगळे हक्क

माझा भाचा नोकरीनिमित्त ब्रिटनला गेला आणि भाड्याचे घर मिळताच त्याने ३ मार्चला फोनवरून ब्रॉडबँडचा २४ महिन्यांचा करार केला. इंजिनिअर येण्याची तारीख १९ मार्चची मिळाली, त्या दिवशी लाईन सुरू झाली आणि पहिल्याच रात्री त्याच्या लक्षात आले की झोपायच्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा तुटतो आहे. त्याने २२ तारखेला कंपनीला फोन करून सांगितले, "लाईन सुरू होऊन तीनच दिवस झाले आहेत, माझे १४ दिवस शिल्लक आहेत, करार रद्द करा." पलीकडून उत्तर आले की ती मुदत १७ तारखेलाच संपली असून आता बाहेर पडायचे तर उरलेल्या महिन्यांसाठी आकार भरावा लागेल. तेव्हा तो म्हणाला, "पण ३० दिवसांत दंडाशिवाय सोडता येते, असे मी वाचले आहे." त्याने वाचले होते ते खरे होते, पण ते ३० दिवस त्याचे नव्हतेच.

हा गोंधळ मी त्यानंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की तो नीट उलगडून सांगणे मला गरजेचे वाटते. दोन्ही हक्क खरे आहेत आणि दोन्हींत दंड लागत नाही. म्हणूनच ते एकमेकांत मिसळतात. पहिला हक्क ग्राहकाला मन बदलण्यासाठी दिलेला आहे, त्यामुळे तेथे कंपनीची चूक असावी लागत नाही आणि कारणही सांगावे लागत नाही. दुसरा हक्क कंपनीने शब्द मोडला किंवा कराराच्या अटी बदलल्या तरच जागा होतो, आणि मग करार होऊन १० महिने झाले असले तरी तो वापरता येतो.

पहिल्याला कूलिंग-ऑफ काळ म्हणतात. २०१३ च्या कन्झ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स रेग्युलेशन्समध्ये तो आहे आणि ही नियमावली १३ जून २०१४ पासून लागू झाली. करार फोनवर, ऑनलाइन किंवा दारात आलेल्या विक्रेत्याशी झाला असेल तर हा हक्क मिळतो, कारण अशा वेळी ग्राहकाला निवांतपणे विचार करायला उसंत मिळालेली नसते, असे कायदा मानतो. दुकानात जाऊन, काउंटरवर बसून सही केली असेल तर हा कायदेशीर हक्क नाही. एखादी कंपनी आपणहून तशी सवलत देत असेल तर ती तिची मर्जी. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते आणि दुकानात सही करणाऱ्याला ती कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून तेथे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

आता दिवसांची मोजणी, कारण खरी ठेच येथेच लागते. ब्रॉडबँड ही सेवा आहे आणि सेवेच्या करारात घड्याळ सुरू होते ते करार झाला त्या दिवसापासून. राऊटरचा दिवा लागला त्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. कराराचा दिवस सोडून पुढचे १४ दिवस मोजायचे, शनिवार-रविवारही धरायचे. माझ्या भाच्याचा करार ३ तारखेचा, म्हणून ४ तारीख पहिला दिवस आणि १७ तारखेची मध्यरात्र ही शेवटची सीमा. नव्या जोडणीला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे सेवा कशी आहे हे कळण्याआधीच मन बदलण्याची मुदत संपून जाते. मला हे अन्यायाचे वाटते, पण कायदा तसा आहे. काही कंपन्या लाईन सुरू झाल्यापासून दिवस मोजण्याची सवलत देतात, म्हणून इंजिनिअरची तारीख १४ दिवसांपलीकडची मिळाली की त्याच फोनमध्ये हा प्रश्न विचारावा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्यावे.

ही मुदत लांबण्याची एक वाट कायद्यातच आहे. रद्द करण्याच्या हक्काची माहिती देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. ती माहिती दिलीच नसेल तर मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढू शकते आणि मधेच माहिती दिली तर ती मिळाल्यापासून १४ दिवस मिळतात. करारानंतर आलेला ईमेल म्हणूनच पुसून टाकू नये. माझ्या भाच्याने तो उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा तिसऱ्या पानावर तो मजकूर स्पष्ट छापलेला निघाला आणि ही वाटही बंद झाली.

पैशांच्या बाबतीतही गैरसमज आहे. कूलिंग-ऑफ काळात रद्द केले म्हणजे एक पेनीही द्यावी लागत नाही असे अनेकांना वाटते. १४ दिवस संपण्यापूर्वीच सेवा सुरू करा, असे आपण स्पष्टपणे सांगितले असेल आणि सेवा सुरू झाली असेल, तर वापरलेल्या दिवसांपुरते पैसे द्यावे लागतात. महिन्याचे ३० पौंड आणि ३० दिवसांच्या महिन्यात ६ दिवस वापर झाला, तर ते ६ पौंड होतात. आपण तशी विनंती केलीच नसेल, किंवा हक्काची माहिती आपल्याला दिली गेली नसेल, तर या दिवसांचेही पैसे मागता येत नाहीत. आगाऊ भरलेली बाकीची रक्कम, रद्द केल्याचे कळवल्यापासून १४ दिवसांत परत मिळायला हवी. राऊटर बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो. तो सांगितलेल्या रीतीने परत पाठवावा आणि पाठवल्याची पावती जपून ठेवावी, कारण पुढे वाद होतो तो हमखास राऊटर पोहोचला की नाही यावरून.

दुसऱ्या हक्काचे स्वरूप निराळे आहे. येथे करार जणू झालाच नाही असे मानले जात नाही. तो आजपासून पुढे संपतो आणि आजवरच्या वापराचे बिल भरावेच लागते. या हक्काला जाग येते ती मुख्यत्वे दोन प्रसंगी.

पहिला प्रसंग, कंपनी कराराच्या अटी ग्राहकाच्या तोट्याच्या दिशेने बदलते. ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था ऑफकॉम हिच्या नियमांनुसार कंपनीने अशा बदलाची किमान एक महिना आधी सूचना द्यायला हवी आणि ती सूचना मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडता येते. मात्र वर्षातून एकदा बिल वाढले की हा हक्क मिळालाच, असे नाही. १७ जानेवारी २०२५ पासून केलेल्या नव्या करारांत कंपनीला मधल्या काळातील दरवाढ महागाईच्या टक्केवारीशी जोडता येत नाही; ती किती आणि केव्हापासून, हे करार करतानाच पौंड आणि पेन्समध्ये सांगावे लागते. तशी सांगितलेली वाढ आपण मान्य करूनच करार केलेला असतो, त्यामुळे ती लागू झाली की बाहेर पडण्याचा हक्क मिळत नाही. न सांगितलेली वाढ आली तर मिळतो.

दुसरा प्रसंग वेगाचा, आणि ते ३० दिवस येथले आहेत. वेगाविषयी ऑफकॉमची एक ऐच्छिक आचारसंहिता आहे. मार्च २०१९ पासून ती अधिक कडक झाली आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली आहे. ती स्वीकारणाऱ्या कंपनीने करार करतानाच आपल्या पत्त्यावर किमान किती वेग मिळेल याची हमी द्यावी लागते. वेग त्याच्या खाली गेला आणि आपण तक्रार नोंदवली, की दुरुस्तीसाठी कंपनीला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर दंडाशिवाय जाऊ देणे तिला बंधनकारक होते. म्हणजे १४ दिवस ग्राहकाचे आहेत आणि ३० दिवस कंपनीचे. १४ दिवस आपोआप धावत असतात. ३० दिवस आपण तक्रार केल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तीन महिने वेग कमी असल्याची कुरकुर घरात करत राहिलो आणि कंपनीला कळवले नाही, तर त्या तीन महिन्यांचा हिशेबात काही उपयोग नाही.

आणि ही हमी राऊटरपर्यंत येणाऱ्या वेगाची असते, भिंतींपलीकडच्या वायफायची नव्हे. माझ्या भाच्याला मी लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून वेग मोजायला सांगितले, सकाळी एकदा आणि रात्री दोनदा. तिन्ही वेळा आकडा हमीच्या वर होता. दोष होता तो राऊटर कपाटामागे ठेवण्यात. तो तेथून हलवल्यावर कॉल तुटणे बरेच कमी झाले, पण दुसरा हक्कही त्याला लागू नव्हता, हे त्याला मान्य करावे लागले.

घर बदलणे, दुसरीकडे स्वस्त योजना दिसणे, वापर कमी होणे ही कारणे दुसऱ्या हक्कात साधारणतः बसत नाहीत. १४ दिवसांच्या आत असाल तर कारणाची गरजच नाही. त्यानंतर मात्र मुदतीपूर्वी करार मोडण्याचा आकार लागू शकतो.

कोणता हक्क वापरत आहोत, ते त्याच नावाने सांगावे. "मला सेवा बंद करायची आहे" एवढेच म्हटले तर समोरची व्यक्ती ते मुदतीपूर्वी करार मोडणे असे नोंदवू शकते. "मी कूलिंग-ऑफ काळात हा करार रद्द करत आहे", असे लिहून कराराची तारीख आणि ग्राहक क्रमांक द्यावा. फोनवर सांगूनही हक्क बजावता येतो, पण वेळेत कळवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर असते, म्हणून ईमेल बरा. शेवटच्या दिवशी रात्री पाठवलेला ईमेलही चालतो. तो कंपनीने केव्हा वाचला याला महत्त्व नाही. बँकेतले डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरले जाण्याची सोय, थांबवणे म्हणजे करार रद्द करणे नव्हे. तसे करणाऱ्यांचा करार चालूच राहतो, बिल थकत जाते आणि पुढे क्रेडिट रेकॉर्डवर, म्हणजे बिले आणि कर्जे वेळेवर फेडल्याच्या नोंदीवर, डाग पडतो. नवख्या माणसाला घर भाड्याने घेताना तो फार महागात जातो.

जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे जात असाल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. १२ सप्टेंबर २०२४ पासून वन टच स्विच ही पद्धत सुरू झाली असून तीत फक्त नव्या कंपनीशी बोलावे लागते, जुना करार बंद करण्याचे काम तीच करते. बदलाची तारीख येण्याआधी नवा करार कूलिंग-ऑफ काळात रद्द केला तर बदलाची मागणीही थांबली पाहिजे. ती थांबली का, हे नव्या कंपनीकडून लेखी घ्यावे आणि जुन्या कंपनीलाही विचारून पाहावे. बदल होऊन गेल्यावर रद्द केले तर नवा करार सुटतो, पण जुना करार तोवर संपलेला असतो आणि जुनी कंपनी त्याच दराने परत घेण्यास बांधलेली नसते. घरून काम करणाऱ्याने म्हणूनच तिसऱ्या एखाद्या कंपनीची जोडणी केव्हा सुरू होईल ती तारीख आधी हातात घ्यावी आणि मगच रद्द करण्याचा ईमेल पाठवावा, मात्र १४ व्या दिवसाच्या आत.