फुफाट्यातला पिकअप आणि धुवून वापरायचा एअर फिल्टर

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा उतरवून गावाकडे निघालेला पिकअप डांबरी सोडून शिवाररस्त्याला लागला, की पुढच्या गाडीचा सगळा फुफाटा त्याच्या तोंडावर येतो. इंजिनाला याच हवेवर चालायचे असते. एक लिटर डिझेल जळायला दहा हजार लिटरहून जास्त हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहीपेक्षा बरीच जास्त ओढते.

डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी वाईट. साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, यांच्यामधल्या ऑइलच्या पातळ थरात शिरतात. त्यात वाळूतले क्वार्ट्झ असेल तर ते लायनरच्या बिडापेक्षा कठीण. मग गाडी ऑइल खाऊ लागते आणि एक दिवस इंजिनकाम निघते.

फिल्टर म्हणजे चाळणी, असे आपण धरून चालतो. तसे पाहिले तर त्याच्या तंतूंमधली भोके कणांपेक्षा मोठीही असतात. हवा तंतूला वळसा घालून निघून जाते. जड कणाला एवढे झटकन वळता येत नाही, तो तंतूवर आदळतो. कागदी फिल्टरवर साचलेली धूळच पुढची धूळ अडवते, म्हणून थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा चांगला गाळतो. धुवून वापरायच्या फिल्टरमध्ये जाळीच्या दोन पदरांमध्ये विरळ सुती कापडाचे थर असतात आणि त्यावर खास तेल. आदळलेला कण तेलाला चिकटतो. तेल हळूहळू त्या कणावरही चढते आणि तोही चिकट होतो. तेल नसेल तर उरते नुसते विरळ कापड.

‘धुवायच्या फिल्टरने गाडी जास्त ओढते’ या जाहिरातीवर मी पैसे लावणार नाही. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती डिझेल फवारले जाते यावर ठरते, आणि स्वच्छ कागदी फिल्टर हवेला फारसा अडवत नाही. खरा फायदा एवढाच, की दर वेळी नवा घ्यावा लागत नाही. घेताना आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतली गाळण्याची टक्केवारी विचारा. दुकानदाराने फक्त ‘हवा किती जाते’ तेच सांगितले तर ठेवून द्या. फिल्टरची रबरी कड त्याच्या डब्यात घट्ट बसते का हेही पाहा. कडेला फट राहिली तर आतले कापड कितीही भारी असून उपयोग नाही.

धुताना बहुतेक घोळ होतो. गॅरेजवाला सवयीने कंप्रेसरची हवा मारतो. त्या जोराने कापडाला भोक पडते. पेट्रोल, रॉकेल, कपड्यांची पावडर, यातले काही नको. फिल्टरसाठीचे क्लीनर लावा, थोडा वेळ मुरू द्या, मग नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. सावलीत पूर्ण वाळवा. मे महिन्यात आपल्याकडे याला वेळ लागत नाही, श्रावणात धीर धरावा लागतो. मग प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ. वीसेक मिनिटांत ते पसरते; जिथे पांढरे राहील तिथेच आणखी थोडे. जास्त ओतलेत तर तेल हवेबरोबर जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि हवेचे माप चुकते.

बसवण्यापूर्वी फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, पाइपमध्ये पांढरे फडके फिरवा. माती निघाली तर धूळ आत जाते आहे. तो फिल्टर पुन्हा लावू नका. आणि गाडी रोज खडी क्रशरवर जात असेल तर या फंदात न पडता कागदीच वापरा.