अद्भुत घडतं, पण कुणाला नवल वाटत नाही

अद्भुत गोष्ट रोजच्यासारखी सांगणाऱ्या लेखनाला आज ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात, पण ही रीत त्या नावाहून जुनी. १८३६ साली रशियन लेखक गोगोलची ‘नाक’ ही कथा प्रसिद्ध झाली. पीटर्सबर्गमधल्या एका अधिकाऱ्याचं नाक चेहऱ्यावरून नाहीसं होतं आणि वरच्या हुद्द्याचा गणवेश चढवून शहरात हिंडू लागतं. बिचारा अधिकारी नाक हरवल्याची जाहिरात द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो, तर कारकून नकार देतो. काळजी त्याला वर्तमानपत्राच्या अब्रूची! १९१५च्या काफ्काच्या ‘रूपांतर’मध्येही तेच. किडा होऊन जागा झालेल्या ग्रेगॉरला पहिली धास्ती वाटते ती गाडी चुकल्याची आणि साहेबाच्या बोलण्याची.

या लेखनाला आज जे नाव आहे, ते मात्र चित्रकलेतून आलं. १९२५ साली जर्मन समीक्षक फ्रान्झ रो यांनी तेव्हाच्या नव्या चित्रांसाठी ‘जादुई वास्तववाद’ हा शब्दप्रयोग केला. त्या चित्रांत चमत्कार असा बहुधा नसेच. साध्या वस्तू इतक्या लख्ख आणि थंडपणे रंगवलेल्या असत की त्याच अनोळखी वाटत. दोन वर्षांत रो यांचं लेखन स्पॅनिशमध्ये आलं आणि लॅटिन अमेरिकेत वाचलं गेलं. पुढे क्युबाच्या कार्पेंतिएर यांनी हैतीचा प्रवास केला. तिथला इतिहास आणि लोकांच्या श्रद्धा पाहून, १९४९च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी ठासून सांगितलं, की युरोपीय लेखक ज्या अद्भुतासाठी कसरती करतात, ते लॅटिन अमेरिकेत रोजच्या जगण्यातच आहे. १९५५मध्ये मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांनी मेलेल्या माणसांनी भरलेलं गाव उभं केलं. ती माणसं बोलतात, कुरकुरतात, जुनी गाऱ्हाणी उगाळतात.

मग १९६७ साली कोलंबियाच्या मार्केझ यांची ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ आली. काफ्का त्यांनी विद्यार्थीदशेत वाचला होता, पण निवेदनाचा सूर त्यांनी आजीकडून घेतला. ती अचाट गोष्टीही चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगत असे. माझ्या मते या प्रकाराचा सगळा कस त्या सुरातच लागतो, कल्पना किती अचाट आहे यात नाही. कादंबरीतली रेमेडिओस ही मुलगी चादरींसकट आकाशात निघून जाते आणि घरातली फर्नांडा देवाला विनवत राहते, निदान चादरी तरी परत पाठव!

याच कादंबरीत केळीच्या मळ्यांतल्या संपकरी मजुरांवर सैन्य गोळ्या झाडतं. त्यामागे १९२८ सालचा कोलंबियातल्या सिएनागाचा खराखुरा गोळीबार आहे. कादंबरीतला वाचलेला माणूस तीन हजारांवर मेले म्हणून सांगत फिरतो, पण गावात त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही. चादरींसकट उडालेली मुलगी सहज मान्य करणाऱ्या या गावाला सरकारने शिकवलेलं असतं, की इथे कुणीच मेलेलं नाही. पुढे अनेक देशांतल्या लेखकांनी ही रीत उचलली. काहींनी फक्त उडणाऱ्या चादरी घेतल्या. रश्दी यांनी १९८१मध्ये फाळणी आणि आणीबाणीसाठी, अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९८७मध्ये गुलामगिरीसाठी अद्भुताला हाताशी धरलं, तेव्हा त्यांनी गोळीबाराचं ते प्रकरणही नीट वाचलं असावं असं मला वाटतं.