ट्रिप्सिन इनहिबिटर भुंगेऱ्याला अडवत नाही

कडधान्यांच्या कीडरोधक प्रथिनांबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: ‘दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, म्हणून कीड लागत नाही.’ कुठली कीड? ते कुणी सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

ट्रिप्सिन इनहिबिटर बहुतेकांच्या ओळखीचा; सोयाबीन कच्चं का खाऊ नये हे सांगताना त्याचंच नाव निघतं. तो ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर (एन्झाइम) अडवतो, अमायलेज इनहिबिटर पिष्ट पचवणारं. दोन्ही स्वतः प्रथिनंच. त्यांना ‘विष’ म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कीड खात राहते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

खरी मेख किडीच्या आतड्यात आहे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं आतडं अल्कधर्मी, तिथे मुख्य काम ट्रिप्सिनसारख्या विकरांचं. चवळी-मुगाच्या भुंगेऱ्याचं आतडं आम्लधर्मी, त्याची भिस्त प्रथिनं पचवणाऱ्या वेगळ्या, सिस्टीन गटातल्या विकरांवर. ज्या विकरावर त्याचं पचन चालतच नाही, ते अडवून काय साधणार? इथे संशोधकही चकले आहेत. भुंगेऱ्याला दाद न देणाऱ्या ‘टीव्हीयू 2027’ या चवळीच्या वाणाचं श्रेय 1979 साली ट्रिप्सिन इनहिबिटरला दिलं गेलं. पुढे ते टिकलं नाही, रोख व्हिसिलिन या साठवणीच्या प्रथिनाकडे वळला.

मागच्या पावसाळ्यात माझ्या चवळीच्या डब्यात दाण्यादाण्यावर पांढरे ठिपके दिसले. ती अंडी. अळी तिथूनच सरळ आत शिरते, दाणा पोखरते, आणि वाटोळं भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. तळाशी पीठ साचतं. शेजारच्या डब्यातला राजमा धडधाकट होता. या भुंगेऱ्याने राजम्यावर अंडी घातली तरी अळी आत वाढत नाही. राजम्यात अमायलेज इनहिबिटर असतो, आणि पिष्टच पचेना तर दाण्यात कोंडलेली अळी जगणार कशावर? या इनहिबिटरचा जनुक वाटाण्यात घातल्यावर वाटाण्याचे दाणेही भुंगेऱ्यांना दाद देईनासे झाले. तो प्रयोग 1994 सालचा. राजम्यावरच पोसणारा अमेरिकेतला भुंगेरा मात्र याच इनहिबिटरला जुमानत नाही.

घाटेअळीही तशीच चिवट. हरभऱ्याचा स्वतःचा इनहिबिटर तिला फारसा रोखत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1999 साली दाखवलं की चौधारी घेवडा, भुईमूग, बटाटा यांचे इनहिबिटर तिच्यावर जास्त चालतात. ही पिकं तिच्या रोजच्या खाण्यातली नव्हेत.