जाताना उजवा हात, येताना डावा

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने तिची व्हीलचेअर ढकलायचं काम माझ्याकडे होतं. घर ते फिजिओथेरपी, जेमतेम चारशे मीटर. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की जाताना माझा उजवा हात भरून येतो आणि येताना डावा. खुर्चीचं चाक जाम असतं, तर दोन्ही वेळा एकच हात दुखला असता. म्हणजे खोट खुर्चीत नव्हती, फूटपाथमध्ये होती.

रॅम्प म्हटलं की आपल्याला फक्त चढ आठवतो. त्याचं गणित शाळेतलंच. आई आणि खुर्ची मिळून ७५ किलो. १:१२ च्या, म्हणजे बारा मीटरला एक मीटर चढणाऱ्या चढावर त्याचा बारावा भाग, म्हणजे सव्वासहा किलो जोर लागतो. १:४ वर तो अठराच्या पुढे जातो. म्हणून तीन पायऱ्यांच्या, ४५ सेंटिमीटर उंचीला ५.४ मीटर लांब रॅम्प हवा. (आमच्या सोसायटीत यावर 'वास्तूप्रमाणे पायऱ्या विषमच हव्यात' असा आक्षेप आला. रॅम्पला पायऱ्या शून्य, आणि शून्य सम. तिथं मी हरलो.)

पण मला नादाला लावलं ते आडव्या उतारानं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फूटपाथ रस्त्याकडे किंचित कललेला असतो, साधारण १:५०. तो हवाच. व्हीलचेअरची मागची मोठी चाकं एकाच दिशेला फिरतात, बाजूला घसरत नाहीत. पुढची छोटी मात्र कुठंही वळतात. बसलेल्या माणसासकट खुर्चीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे असतो; १२ सेंटिमीटर धरू. आडव्या उतारावर वजनाचा थोडा हिस्सा या गुरुत्वमध्याला रस्त्याकडे ओढतो. मागची चाकं तग धरतात, पुढची धरत नाहीत, मग खुर्ची नाक रस्त्याकडे वळवते. चौकट ओळंब्यात नसली की दार आपोआप उघडतं, तसंच. मागचा आस म्हणजे बिजागरी.

आता आकडे. १:५० वर बाजूची ओढ दीड किलो. गुणिले १२, म्हणजे १८ किलो-सेंटिमीटरचं बल-आघूर्ण, म्हणजे खुर्चीला वळवणारा जोर. माझ्या मुठी मध्यरेषेपासून प्रत्येकी २२ सेंटिमीटरवर. तेव्हा दोन हातांच्या जोरात सुमारे ०.८ किलोचा फरक हवा. सपाटीवर खुर्ची ढकलायला एकूण लागतो साधारण एक किलो. म्हणजे जाताना, रस्ता उजवीकडे असताना, उजव्या हाताला ०.९, डाव्याला ०.१; येताना उलट. नव्वद टक्के काम एकाच हाताचं!

आणि हे झालं 'चांगल्या' फूटपाथवर. बंगल्याच्या फाटकासमोर गाडी चढावी म्हणून अख्खा फूटपाथच रस्त्याकडे उतरवतात, तिथं उतार १:१० होतो. तेच गणित केलं तर फरक चार किलोंचा येतो: उजव्या हातानं अडीच किलो पुढे ढकलायचं आणि त्याच वेळी डाव्यानं दीड किलो मागे ओढायचं. स्वतः खुर्ची चालवणाऱ्याला हे मनगटांनी करावं लागतं, तेही पेव्हर ब्लॉकच्या खड्डे-उंचवट्यांवर.

उपाय साधा आहे. गाडीसाठीचा उतार कडेच्या अर्ध्या मीटरात संपवायचा आणि चालायचा पट्टा सपाट ठेवायचा. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. फूटपाथ बुटका असला तर उतारही तोकडा पुरतो. 'जागतिक दर्जाच्या' पदपथाचं उद्घाटन होतं, तेव्हा फोटोत पिवळ्या फरशा दिसतात. आडवा उतार फोटोत येत नाही.

तो फोनमध्ये येतो. लेव्हलचं अ‍ॅप उघडून मी आमच्या रस्त्यावरच्या अकराही फाटकांसमोर फोन आडवा ठेवून पाहिला. सात ठिकाणी पाच अंशांच्या वर. १:१० म्हणजे ५.७ अंश. आठव्या फाटकाशी मी वाकलेलो असताना आई म्हणाली, "अरे, रस्त्यावरनंच ने ना. तिथं सपाट आहे."