आजारी मुलांच्या घरच्यांसाठी संस्था काढायला लाखो रुपये लागतात? अजिबात नाही!

"आधी लाखोंचा फंड दाखवा आणि एक तरी डॉक्टर ट्रस्टी घ्या, नाहीतर रजिस्ट्रेशन होत नाही" हे पुण्यात वर्षानुवर्षं कानावर येतंय आणि त्यापायी कितीतरी चांगली माणसं पुढे यायची थांबतात, म्हणून जरा स्पष्टच सांगते. कायद्यात किमान फंडाचा आकडा नाही आणि डॉक्टरची अटही नाही. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जण लागतात, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, झालं. हां, देणगीदारांना करात सूट मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र मात्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी इन्कम टॅक्सकडे वेगळा अर्ज.

आणि डॉक्टर कशाला हवा, उपचार आपण करणारच नाही ना! ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलात लांबच्या गावाहून पोराला घेऊन आलेल्या आईबापांना बघा, आई वॉर्डाबाहेर चटई टाकून पडलेली, उशाला रिपोर्टची फाईल, बापाची रोजंदारी बुडालेली, धाकटी पोरगी गावी आजीकडे. बिलाला योजनेतून मदत मिळालीच तरी खोली, दोन वेळचा डबा, रिक्षा, एसटीचं भाडं हे कुठून आणणार? हे काम सात साधी माणसं नक्की करू शकतात.

खरी मेहनत नंतर आहे, दरवर्षी हिशोब ऑडिट करायचे आणि ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, तेवढं पहिल्या दिवसापासून एकाने अंगावर घ्या.