जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन नव्हे

‘सजीव आपल्या परिसराशी जुळवून घेतात, यालाच अनुकूलन म्हणतात’ हे वाक्य शालेय टिपणांपासून माहितीपटांच्या निवेदनापर्यंत इतक्या ठिकाणी भेटते की, ते चुकीचे आहे असे म्हणणाराच आता आडमुठा ठरतो. तो आडमुठेपणा पत्करून सांगतो की, या एका वाक्यात दोन निराळ्या घटना कोंबलेल्या आहेत. पहिली समायोजन, म्हणजे एखाद्या जिवाच्या शरीरात किंवा वागण्यात त्याच्याच आयुष्यात होणारा फेरबदल. गिर्यारोहक ज्याला अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतात ते हेच. दुसरी अनुकूलन, म्हणजे नैसर्गिक निवडीतून पिढ्यानपिढ्या एखाद्या समूहात रुजत गेलेले आनुवंशिक वैशिष्ट्य.

समायोजनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले आहे. कडक उन्हात काम करू लागलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि त्याच उन्हात नाडी पूर्वीइतकी धावत नाही. काम थांबले की काही आठवड्यांत हा सराव मोडतो.

दोहोंतला फरक सांगताना बहुतेक जण एक तक्ता मांडतात: एक लवकर होते, दुसऱ्याला पिढ्या लागतात, एक उलट फिरते, दुसरे फिरत नाही. तक्ता ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्याने गोंधळ मिटत नाही, कारण तो पाठ करूनही विद्यार्थी ‘उंटाने वाळवंटाशी जुळवून घेतले’ असेच लिहितो. खरी मेख वेगळ्याच प्रश्नात आहे: बदलले कोण? ‘जुळवून घेणे’ यातले ‘घेणे’ कर्त्याने स्वतःसाठी काही केल्याचे सुचवते, जसे शिकून घेणे किंवा आवरून घेणे. समायोजनाला ते चपखल बसते, कारण तिथे बदलणारा जीव खरोखरच असतो. अनुकूलनाला असा कर्ता नसतो. तिथे कोणताही एक जीव बदलत नाही, तर समूहातील निरनिराळ्या जीवांचे प्रमाण बदलते.

गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर 1977 साली दुष्काळ पडला. लहान, मऊ बिया संपल्या, टणक बिया उरल्या आणि तिथल्या मध्यम आकाराच्या भूफिंच पक्ष्यांपैकी बहुतेक मेले. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याचा चमू या पक्ष्यांच्या चोची दुष्काळाआधीपासून मोजत होता, म्हणून हिशेब नेमका मांडता आला: वाचलेल्या पक्ष्यांच्या चोचींची सरासरी जाडी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त होती. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळाने जाड केली नव्हती; पातळ चोचीचे पक्षी गणतीतून गळाले, एवढेच घडले होते. चोचीची जाडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीच्या चोचीही जाड निघाल्या. या सबंध प्रसंगात ‘जुळवून घेतले’ हे क्रियापद लावावे असा पक्षी शोधून सापडत नाही.

दोन्ही घटना एकाच अडचणीसमोर शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर उंच डोंगरासारखी जागा नाही. समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरवर हवेतील प्राणवायूचा वाटा तोच, म्हणजे सुमारे 21 टक्के, असतो. पण हवेचा दाब सपाटीवरच्या दाबाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच उरल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू कमी मिळतो. सपाटीवरचा माणूस तिथे पोहोचला की त्याचा श्वास आधी वाढतो. मग मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी, पर्यायाने हिमोग्लोबिन, वाढते. हे अस्सल समायोजन झाले. त्या माणसाच्या मुलांना या वाढीव हिमोग्लोबिनचा वारसा मिळत नाही.

आता तिबेटच्या पठारावर हजारो वर्षे राहत आलेल्या लोकांकडे पाहिले, तर त्यांचे हिमोग्लोबिन आणखी जास्त असेल अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षात सुमारे 4,000 मीटर उंचीवरही त्यांच्यापैकी बहुतेकांचे हिमोग्लोबिन सपाटीवरच्या माणसाच्या जवळपास असते. ‘ईपास-1’ या जनुकाचे एक रूप त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि ते ही वाढ आटोक्यात ठेवते. 2010 साली हे जनुक प्रकाशात आले, तेव्हा अनेकांना ते उलटेच वाटले. पण तांबड्या पेशी वाढत गेल्या की रक्त दाट होते, ते सूक्ष्म वाहिन्यांतून नीट वाहत नाही, आणि उंचीवरचा एक जुनाट आजार नेमका यातूनच उद्भवतो. म्हणजे इथले अनुकूलन हा समायोजनाचा पुढचा टप्पा नाहीच. ते समायोजनाला लगाम घालते. ‘समायोजन फार काळ चालले की त्याचे अनुकूलन होते’ असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी जरा थांबावे.

मला सर्वांत खटकणारा शब्द मात्र ‘सवय’ हा आहे. ‘जंतूंना औषधाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या जीवशास्त्रज्ञांनी 1952 साली जंतूंच्या वसाहती असलेल्या एका बशीवर मखमलीचा तुकडा दाबला आणि तोच तुकडा औषध मिसळलेल्या बशीवर टेकवला. तिथे ज्या मोजक्या वसाहती तगल्या, त्यांच्या जागेवरून मूळ बशीतील त्यांची भावंडे हुडकता आली. ती औषधाला दाद देत नव्हती, आणि त्यांची औषधाशी कधी गाठच पडलेली नव्हती. सवय व्हायला आधी भेट तरी व्हावी लागते.

तक्त्यातल्या ‘उलट फिरते’ या कसोटीवरही माझा विश्वास नाही. डोंगरावर लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाच्या फुप्फुसांची क्षमता जास्त असते आणि खाली येऊन राहिल्यावरही ती टिकते. तरीही ते समायोजनच आहे, कारण घडले ते एकाच शरीराच्या वाढीत. उलट, समायोजनाची क्षमता हे स्वतः अनुकूलन असू शकते, आणि इथे गोंधळ होणे क्षम्य आहे. डॅफ्निया या पाणपिसवांच्या काही जातींना पाण्यात भक्षकाचा रासायनिक वास लागला की त्यांच्या डोक्यावर टोकदार शिरस्त्राण वाढते; अगदी तीच जनुके असलेल्या, पण वास न लागलेल्या बहिणींना ते येत नाही. शिरस्त्राण येणे हे समायोजन, येऊ शकणे हे अनुकूलन.

उत्तर अमेरिकेतील स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा होतो तोही असल्याच वारशाने मिळालेल्या क्षमतेमुळे, पण त्याची फर बर्फ पाहून बदलत नाही. ती दिवसाच्या लांबीवर चालते. पॅसिफिक किनाऱ्यालगत, जिथे बर्फ कमी टिकते, तिथे याच जातीचे बरेच ससे हिवाळाभर तपकिरीच राहतात आणि हा फरक जनुकीय आहे. बर्फाचे दिवस घटत गेले तर पिढ्या उलटताना तपकिरी सशांचे प्रमाण वाढू शकेल. पण आज पांढरा झालेला ससा, आजूबाजूचे बर्फ वितळून गेले तरी, दिवस पुरेसे मोठे होऊन फर बदलेपर्यंत उघड्या तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्रच बसून राहतो आणि लिंक्स या शिकारी रानमांजराला दुरूनच दिसतो.