समुद्रतळाच्या गाळात औषध शोधताना

१९९० च्या दशकात ‘काइको’ या जपानच्या मानवरहित पाणबुडीने मारियाना गर्तेच्या तळाचा, म्हणजे जवळपास १०,९०० मीटर खोलीवरचा गाळ वर आणला. तिथे दाब आपल्या हवेच्या हजारपटींहून जास्त, उजेड शून्य, पाणी गोठण्याच्या बेताचं. तरीही त्या गाळात जिवंत जिवाणू सापडले. त्यांतल्या डर्मॅकॉकस अबिसाय या जिवाणूने बनवलेल्या ‘डर्माकोझिन’ गटातल्या काही संयुगांनी प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींची वाढ रोखली. अशा बातम्या झोकात छापून येतात. पण काचेच्या बशीतली कर्कपेशी मारणं तसं सोपं असतं, ते ब्लीचनेही जमतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

मुळात समुद्रात उतरायची वेळ आली ती जमिनीवरचा शोध आटत चालल्यामुळे. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक १९४३ मध्ये मातीतल्या ॲक्टिनोमायसीट जिवाणूपासून मिळालं आणि पुढे कितीतरी प्रतिजैविकं याच कुळाने दिली. मग मात्र माती कुठलीही घ्या, तेच ते रेणू पुन्हा हाती लागू लागले. समुद्राच्या गाळातही ॲक्टिनोमायसीट आढळत, पण ते नद्यांनी वाहून आणलेले जमिनीवरचेच बीजाणू असावेत, अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांनी बहामा बेटांजवळच्या गाळातून सालिनिस्पोरा हा जिवाणू वाढवला, तेव्हा ही समजूत टिकली नाही. वाढायला त्याला समुद्राचं पाणीच लागायचं. त्याच्यापासून मिळालेल्या ‘सालिनोस्पोरामाइड ए’ या रेणूची माहिती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

या रेणूचं काम बघण्यासारखं आहे. आपल्या पेशींत प्रोटिएझोम नावाची यंत्रणा निकामी प्रथिनांचे तुकडे करते. मल्टिपल मायलोमासारख्या कर्करोगातल्या पेशी प्रथिनं भरमसाट बनवतात, त्यामुळे ही यंत्रणा बंद पडली की त्या आतल्या आत गुदमरतात. सालिनोस्पोरामाइड प्रोटिएझोमला जाऊन चिकटतो. मग त्याच्यातला क्लोरीनचा अणू निघून जातो, मोकळ्या झालेल्या जागी एक नवं कडं तयार होतं आणि बंध कायमचा पक्का होतो. क्लोरीनचा इतका चलाख वापर समुद्रातल्या जिवाणूने करावा, हे मला फार आवडतं. मिठातल्या क्लोराइडचा तिथे काय तोटा?

जिवाणूच का, स्पंज का नको? समुद्री औषधांची सुरुवात स्पंजांपासूनच झाली होती. पण १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी ६०० किलो स्पंज खर्ची घातला, तेव्हा हॅलिकॉन्ड्रिन बी हे संयुग मिळालं अवघं १२.५ मिलिग्रॅम. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याचीच सोपी आवृत्ती कृत्रिमरीत्या बनवली आणि ‘एरिब्युलिन’ २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगावर मंजूर झालं. ट्रॅबेक्टेडिन हे औषध मुळात सापडलं ट्युनिकेट नावाच्या समुद्री प्राण्यात, पण त्याचा खरा कर्ता निघाला त्या प्राण्यात राहणारा जिवाणू. प्राणी ओरबाडण्यापेक्षा जिवाणू टाकीत वाढवणं केव्हाही बरं. अर्थात तेही सरळ नाही, कारण खारं पाणी पोलादी टाक्या गंजवतं. तरीही खाऱ्या पाण्यातल्या किण्वनाने, म्हणजे टाकीत जिवाणू वाढवून, सालिनोस्पोरामाइड बनवून रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत नेण्यात आलं. तिथे त्याचं नाव झालं मॅरिझोमिब.

मॅरिझोमिब मेंदूत शिरू शकतं, म्हणून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात त्याच्याकडून मोठी आशा होती. सुमारे साडेसातशे रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना त्याची जोड देऊनही रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. वीस वर्षांच्या कामाला असंही उत्तर मिळू शकतं.

जपानच्या समुद्रातल्या २८९ मीटर खोलीवरच्या गाळातून आलेल्या ॲबिसोमायसिन सी या प्रतिजैविकाची कल्पनाही अशीच मोहक होती. फॉलिक आम्ल तयार करण्याचा जिवाणूंचा मार्ग ते मध्येच तोडतं. आपल्याला ते आम्ल अन्नातून मिळतं, आपल्याकडे तो मार्गच नाही, तेव्हा आपल्या पेशी यातून सुटतात. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर ते चाललंही, पण प्रयोगशाळेत.

आता शोधाची दिशा बदलते आहे. २००७ मध्ये सालिनिस्पोराच्या ट्रॉपिका या जातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याचा जवळपास दहावा भाग असे रेणू बनवण्यासाठीच राखलेला दिसला. त्यातली बरीच जनुकं प्रयोगशाळेत गप्प बसतात. शेजारी दुसरे जिवाणू वाढवून किंवा जनुकांचा तो गट दुसऱ्या जिवाणूत घालून त्यांना कामाला लावायचे प्रयत्न चालू आहेत. त्यासाठी दर वेळी गाळ उपसावा लागत नाही, जनुकांची क्रमवारी संगणकावर असली तरी भागतं. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये संमत केलेल्या खुल्या, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या, समुद्राच्या करारात जिवांच्या नमुन्यांबरोबर या संगणकीय क्रमवारीच्या लाभातला वाटाही घातलेला आहे.